आवाज येतोय का?

फ्लेक्सच्या धंद्यात माणसाला गावाचा इतिहास-भूगोल पुस्तकाशिवाय पाठ होतो. कोणाचा फोटो कोणाच्या उजव्या अंगाला चालतो, कोणाचा कोणाच्या शेजारी अजिबात चालत नाही, आणि पन्नाशी उलटली तरी कोणाला ‘युवा नेते’ म्हणावं लागतं, हे सगळं पाचगणीतल्या माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरला ठाऊक आहे. वाढदिवस, दहावीचे निकाल, स्ट्रॉबेरीची रोपं, टेनिस बॉल क्रिकेट, भावपूर्ण श्रद्धांजली. यात गेल्या काही वर्षांत एका गिऱ्हाइकाची भर पडली: मोबाइलवर बंदुका चालवणारी पोरं. त्याला ‘ई-स्पोर्ट्स’ म्हटलेलं त्यांना आवडतं. त्यांच्या आया त्याला काय म्हणतात ते इथं छापण्यासारखं नाही.

“स्थळ काय टाकू?” मी विचारलं.

“इरँगल.”

“हे कुठं आलं? मेढ्याच्या पलीकडं?”

“काका, तो गेममधला मॅप आहे.”

“आरं, पण माणसानं यायचं कुठं?”

“यायचं नाहीच. लाइव्ह बघायचं.”

लोकांनी येऊ नये म्हणून छापलेला असा हा माझ्या हातचा पहिलाच फ्लेक्स. पण साचा जुनाच. ‘भव्य दिव्य ओपन बीजीएमआय स्पर्धा’, खाली बक्षिसं, वर दैवत, आणि मधे सौजन्यमूर्तींची दाटी. खेळणाऱ्यांपैकी एकाचाही फोटो नाही. ज्याच्या आधारानं माणूस त्या लाइव्हपर्यंत पोचणार तो क्यूआर कोड शेवटी उरलेल्या जागेत, एका उपाध्यक्षांच्या खिशापाशी, पोस्टाच्या तिकिटाएवढा. “कोड मोठा करू या, उपाध्यक्ष लहान करू या,” असं मी सुचवलं तेव्हा पोरांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी विषय बदलला. फ्लेक्स लागला बारा फुटांवर, सिल्व्हर ओकच्या दोन झाडांमध्ये. तेवढ्या उंचीवरचा कोड स्कॅन करायला वानराच्या हातात मोबाइल द्यावा लागला असता. आमच्याकडची वानरं मोबाइल घेतात, परत देत नाहीत.

या खेळाचं नाव छापणं हीसुद्धा एक परीक्षाच. आधी तो पबजी होता. २ सप्टेंबर २०२० ला त्याच्यावर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये तोच नवं बारसं करून बीजीएमआय म्हणून आला. २०२२ च्या जून-जुलैमध्ये त्याची मोठी स्पर्धा थेट स्टार स्पोर्ट्सवर दाखवली. पोरांनी आईबापांना ओढून टीव्हीसमोर बसवलं, की बघा, आता तरी खेळ म्हणा. आणि त्याच जुलैच्या अखेरीस तो ॲप स्टोअरवरून गायब! आईबापांना पुढचं वर्षभर पुरेल एवढं समाधान मिळालं. मे २०२३ मध्ये तो परतला. या पोरांच्या अध्यक्षाची आई माझ्याकडे पिशवीभर फ्लेक्सचे जुने तुकडे मागायला आली होती, शेडवर टाकायला. त्यांच्या शेळ्या आज ‘पबजी’खाली बसतात.

घरच्यांची मुख्य शंका एकच: हा जुगार आहे का? पोरांनी त्यावर माझ्याकडून ‘सरकारमान्य’ हा शब्द मोठ्या अक्षरांत मागितला. त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रानं ई-स्पोर्ट्सना क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत घेतलं. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्यांना पदकं होती. त्याआधी २०१८ ला जकार्तात ते नुसते प्रात्यक्षिक म्हणून होते, तेव्हाही भुजच्या तीर्थ मेहतानं कांस्य आणलं होतं. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं तर पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स त्यातून वेगळे काढले: भाग घ्यायची फी चालते, जिंकल्याचं बक्षीस चालतं, पैज चालत नाही. मान्यता, नोंदणी वगैरे सोपस्कार आहेतच. मी एवढंच म्हटलं, “खेळ सरकारमान्य असेल, तुमची स्पर्धा अजून तुमच्या आयांनाही मान्य नाही.” शब्द गाळला.

तर स्पर्धेची पहिली लाइव्ह फेरी. ऐन पावसाळा, म्हणून एक हॉल स्वस्तात मिळालेला. पाचगणीच्या पावसाळ्यात धुकं खिडकी उघडी ठेवली तर आत येतं आणि बंद ठेवली तर दारातून येतं. पोरांचा हट्ट: चित्र १०८० पीच, तेही सेकंदाला साठ फ्रेमचं, त्याखाली इज्जत जाते. आता त्यासाठी सेकंदाला सहा हजार किलोबिट तरी वर चढवायला लागतात. “आपला प्लॅन शंभरचा आहे!” असं खजिनदार छाती पुढं काढून सांगत होता. तो शंभर उतरण्याचा होता. चढण्याचं मोजलं तर जेमतेम तीन, म्हणजे तीन हजार किलोबिट, निघाले. घरात पाणी आणणारा नळ केवढाही मोठा असो, सांडपाणी मोरीच्याच मापानं बाहेर जाणार. ७२० पी आणि तीस फ्रेम ठेवल्या असत्या तर तेवढ्यात निभावलं असतं, कारण शेवटी बघणारा सहा इंचांच्या काचेवरच बघणार. पण इज्जत मोठी. परिणाम असा की जगाला दिसली ती मुख्यतः एक गोल फिरणारी चकती. मधे थोडा गोळीबार.

कॉमेंटरी हिंदीत होती. म्हणजे आमचा खिंगरचा पोरगा दिल्लीच्या युट्यूबरचा आवाज काढून बोलत होता. “डेथ वुल्फ ने टॉक्सिक एक्सला नॉक कर दिया है!” मी खुर्चीत बसून विचार करत होतो की हा डेथ वुल्फ कोण? हा आपल्या दांडेघरच्या टेम्पोवाल्यांचा धाकटा निघाला. त्याची आत्या तिकडे मुंबईत मोबाइल उघडून बसली होती. तिला अर्धा तास भाचा सापडला नाही. बघणारे अकरा. त्यातले चार फोन आयोजकांचेच. आणि मधल्या वेळात कोणीतरी एका गाजलेल्या सिनेमाचं गाणं लावलं, तेही पूर्ण. गाण्याच्या मालकांना धुक्यातूनही बरोबर ऐकू गेलं. युट्यूबनं लाइव्ह काढून टाकलं आणि चॅनलचं लाइव्ह आठवडाभरासाठी बंद केलं.

अंतिम फेरी तर त्याच आठवड्यातल्या रविवारी. पोरांनी रविवारी सकाळी नवा चॅनल उघडला. युट्यूबनं नम्रपणे कळवलं, की पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायला चोवीस तास थांबा. अध्यक्ष रडायच्या बेताला आला. तेव्हा त्याला आठवलं की त्याच्या आजोबांच्या भजनी मंडळाचा एक चॅनल आहे, जुना, निर्मळ, एकही तक्रार नसलेला.

मंडळाच्या बुवांनी परवानगी दिली, पण अट घातली. “चॅनल आमचा, तर माइकबी आमचा. आणि बोलणारा माणूसबी आमचा.”

बोलणारा माणूस म्हणजे आमच्या पंचक्रोशीतले कुस्त्यांचे आणि बैलगाडा शर्यतींचे निवेदक. मृदंगापाठोपाठ हे गृहस्थ फेटा बांधून हॉलमध्ये शिरले तेव्हा पोरांच्या तोंडचं पाणी पळालं. माझं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा लक्ष लागलं.

आमच्या भागात लाइव्हचं शिक्षण कोणाला द्यायची गरजच नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं बैलगाड्यांना परवानगी दिल्यापासून माळावर ड्रोन, एलईडी पडदा, फिनिश लाइनला कॅमेरा, सगळं आलंय. बावधनचं बगाड निघालं की नोकरीसाठी बाहेर गेलेला वाईकर ऑफिसात टेबलाखाली फोन धरून बघतो. आणि निवेदक काय करतो? बैल कोणाचा, गाव कोणतं, मागच्या मैदानात काय केलं, जोडीला कोण, हे सगळं गाडी सुटायच्या आत सांगून मोकळा. बकासुर हा बैल अख्ख्या पश्चिम महाराष्ट्राला नावानिशी ठाऊक आहे. बैलाला नाव आहे, गाव आहे, चाहते आहेत. आणि आमची दोन पायांची पोरं स्वतःचं नाव लपवून ‘टॉक्सिक एक्स’ म्हणून हिंडतात, आणि वर विचारतात की काका, लोक का बघत नाहीत?

टोपणनावावर माझा राग नाही. पाचगणीत ती जुनी रीत आहे. इथल्या सेंट पीटर्स शाळेत फारुख बुलसारा नावाचा एक पारशी मुलगा होता. त्याला पोरं फ्रेडी म्हणायला लागली. १९५८ मध्ये त्यानं शाळेतच ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला, आणि पुढं फ्रेडी मर्क्युरी होऊन १३ जुलै १९८५ ला वेम्बलीच्या ‘लाइव्ह एड’मध्ये वीसेक मिनिटं असा गायला की उपग्रहावरून दीडेकशे देशांत लोक बघत राहिले. पाचगणीच्या माणसानं केलेलं ते सर्वात मोठं लाइव्ह. त्या दिवशी त्याच्या ‘क्वीन’ बँडच्या माणसानं आवाज इतरांपेक्षा चढा ठेवला होता, असं सांगतात. मी हे पोरांना ऐकवलं तर अध्यक्ष म्हणाला, “त्यांचं नेट चांगलं असंल.”

पण आवाजाचा मुद्दा बुवांना न सांगता कळलेला होता. चित्र अडकलं तर माणूस थांबतो. आवाज खरखरला की दुसऱ्या व्हिडिओवर जातो. मंडळानं आपला मिक्सर आणला, माइकला फडकं गुंडाळलं, राउटर इन्व्हर्टरवर घेतला. चित्र ७२० वर उतरवलं. इज्जतीचा प्रश्न बुवांसमोर कोणी काढला नाही. ‘आवाज येतोय का?’ असं एकानं चॅटमध्ये विचारलं, तर दोनशे दहा जणांनी ‘येतोय माउली’ लिहिलं.

दोनशे दहा! चॅनलच्या वर्गणीदारांना नोटिफिकेशन गेलं होतं, आणि भजन समजून उघडलेलं त्यांनी बंद केलं नाही. कारण फेटेवाले सुरू झाले होते.

“मंडळी, जाग्यावर बसून घ्या! विमानातून उडी टाकतोय दांडेघरचा पठ्ठ्या, टेम्पोवाल्यांचा धाकटा! त्याच्या पाठीवर गोडवलीची जोडी! तायघाटच्या पोरानं घर धरलंय, वरच्या मजल्यावर, खिडकीत! आंब्रळकर गवतात झोपलाय, ही झोप नव्हे मंडळी, हा डाव हाय!”

डाव त्यांना पहिल्या पाच मिनिटांत समजला होता. वर्तुळ लहान होत जातं, बाहेर राहील तो मरतो. आखाड्यापेक्षा यात वेगळं काय, असं त्यांनी मला विचारलं. मला उत्तर सुचलं नाही.

एकच घोटाळा झाला. लाइव्ह मुद्दाम पाच मिनिटं उशिरानं सोडतात. नाहीतर खेळणाऱ्याचा भाऊ शेजारी फोनवर बघून सांगेल की समोरचा कुठल्या झुडपात आहे. त्यामुळे हॉलच्या मागच्या रांगेत आंब्रळकराची आई फोनवर जीव मुठीत धरून बघत होती, पोरगं गवतात दबा धरून आहे म्हणून. आणि तेच पोरगं मघाशीच मरून, बाहेर जाऊन, वडापाव घेऊन तिच्या शेजारी येऊन उभं राहिलं.

“आये, हिरवी मिरची देऊ?”

बाईंनी एकदा फोनकडे बघितलं, एकदा पोराकडे. मग फोनमधल्या पोराला म्हणाल्या, “हलू नको रे बाळा.” आणि शेजारच्याला: “तू गप बस.”

शेवटचे चार उरले तेव्हा चॅटमध्ये कोपरखैरण्याहून, घणसोलीहून माणसं येऊ लागली. ही आमची जावळीकडची माथाडी मंडळी. गावचं मैदान म्हटल्यावर त्यांचा हात खिशाकडे जातोच. फेटेवाल्यांनी सवयीनं आवाज दिला, “दांडेघरच्या पठ्ठ्याला कोणाकडून इनाम?” आणि युपीआयनं इनामं पडायला लागली. एकशे एक, दोनशे एक, पाचशे एक. कुस्तीत जाग्यावर पुकारतात तशी प्रत्येकाच्या गावासकट पुकारली गेली. नाव पुकारलं गेलं की तो माणूस आणखी चार जणांना लिंक पाठवायचा, बघा, माझं नाव घेतलं म्हणून. माझ्या दहा बाय सहाच्या फ्लेक्सनं जे जमवलं नव्हतं ते या पुकाऱ्यानं अर्ध्या तासात केलं.

खजिनदार मात्र घामाघूम. वही घेऊन माझ्याकडे आला.

“काका, ही वर्गणी धरायची का देणगी?”

“पावती फाड आधी. गावची माणसं आहेत, पावती लागते त्यांना.”

“फाडतो, पण नाव काय टाकू? हे पाचशे एक वाले मामा कोपरखैरण्याचे. त्यांचा अकाउंट त्यांच्या पोरानं काढून दिलाय.”

“मग?”

त्यानं स्क्रीन माझ्यापुढं धरली. मी चष्मा लावून वाचलं आणि त्याला म्हटलं, “लिही. श्री. सायलेंट किलर नाइन नाइन, मु. पो. कोपरखैरणे.”