लाटेने आधी तारीख घ्यावी

हिंगोली जिल्ह्यात आजवर एकही प्रकल्प फसलेला नाही. विश्वास बसत नसेल तर कुठल्याही कार्यालयात जा आणि फसलेल्या प्रकल्पांची फाईल मागा. पूर्ण झालेल्यांची मिळेल, प्रगतिपथावर असलेल्यांची मिळेल, 'तांत्रिक अडचणीमुळे प्रलंबित' असलेल्यांचं तर अख्खं कपाट मिळेल. फसलेल्यांची फाईल मात्र नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघाल्यापासून या पाच तालुक्यांच्या जिल्ह्याला ती उघडायची गरजच पडलेली नाही.

बाहेरच्या जगाची अवस्था बघितली की आपली थोरवी कळते. बेंट फ्लिवबर्ग नावाच्या डॅनिश प्राध्यापकांनी एका पुस्तकात जगभरातल्या सोळा हजारांहून अधिक प्रकल्पांचा हिशेब मांडला. ठरल्या वेळेत आणि ठरल्या खर्चात पार पडलेले निघाले शंभरात साडेआठ. वेळ साधली, खर्च साधला आणि लोकांना कबूल केलेला फायदाही झाला, असे निघाले शंभरात अर्धा. म्हणजे दोनशेत एक! माणसाने सगळी पृथ्वी पालथी घातली, पण सेनगाव-कळमनुरीकडे एक चक्कर मारली नाही. मारली असती तर पुस्तकाचा सूरच बदलला असता. त्यांची चूक एवढीच, की ते शेवटी विचारतात, 'लोकांना उपयोग झाला का?' आपल्याकडे प्रश्न सोपा असतो: 'निधी खर्ची पडला का?'

हा प्रश्न विचारला जातो मार्चमध्ये. अकरा महिने ज्या निधीची वाट पाहिली तो महिनाअखेरीस 'बीम्स' या सरकारी निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर दिसू लागतो आणि ३१ तारखेच्या आत संपवायचा असतो. मग ग्रामपंचायतीचा ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, एमबी म्हणजे मोजमाप पुस्तक, देयक अशी सगळी वरात एका दमात निघते. त्या आठवड्यात कार्यालयात कान दिला तर असं काहीसं ऐकू येतं:

"भाऊ, एमबी लिहून घ्यायची का?"

"साहेब, अजून खोदायलेत."

"खोदतील की! खड्डा कुठं पळून जायलाय? तारीख निघून चालली."

भाऊंना पटतं. खड्डा खरोखरच कुठे जात नाही. पुढच्या मार्चमध्येही तो तिथेच असतो, तोवर त्याचं कार्यपूर्तता दाखल्यावर बांधकाम झालेलं असतं. उपयोगिता प्रमाणपत्रही जोडलेलं असतं. हे प्रमाणपत्र पैसे कुठे गेले ते सांगतं, पाणी कुठे गेलं ते सांगणं त्याच्या कार्यकक्षेत येत नाही.

पाण्यावरून आठवलं. घरोघरी नळ देणारं जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. माणशी रोज ५५ लिटर पाणी, मुदत २०२४. मुदत आता २०२८ पर्यंत वाढली आहे. त्यात नवल नाही, मुदती वाढण्यासाठीच असतात. पण एखाद्या गावात जाऊन त्या योजनेचं यश जवळून बघावं. अंगणात सिमेंटचा हातभर खांब, त्याला निळा पाइप, पाइपाला चकचकीत तोटी. तोटीसमोर घरधनीण डोक्यावर पदर घेऊन उभी आणि मोबाइलमध्ये तिचा जिओ टॅगिंगचा फोटो. फोटोत अक्षांश आहे, रेखांश आहे, तारीख आहे, वेळ आहे. पाणी तेवढं फोटोत दिसत नाही, पण ते पारदर्शक असतं, दिसणार कसं? फोटो निघाला की खांब मोकळा होतो. मग त्याला शेळी बांधतात. शेळीच्या दृष्टीने प्रकल्प यशस्वी आहे: खांब पक्का आहे आणि हलत नाही. सिद्धेश्वर, इसापूर ही धरणं जवळ असताना 'धरण उशाला आणि कोरड घशाला' असं बायका म्हणतात खऱ्या, पण त्यांना भौतिक प्रगती आणि आर्थिक प्रगती यांतला फरक कोणी समजावून सांगितलेला नाही.

काम अगदीच रखडलं तर सुप्रमा आहे. सुधारित प्रशासकीय मान्यता मिळाली की खर्च वाढलेला राहत नाही, तो सुधारतो. विदर्भातला गोसीखुर्द १९८३ मध्ये ३७२ कोटींचा होता, १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं, आणि सुधारत सुधारत तो अठरा हजार कोटींच्या पुढे गेला. इतकी सुधारणा माणसात झाली असती तर त्याला संत म्हणाले असते.

संतांचा विषय निघालाच आहे, तर जिल्ह्यातला एक जुना प्रकल्प नमूद करायला हवा. आपल्याच नर्सीचे नामदेव महाराज औंढ्याला नागनाथासमोर कीर्तनाला उभे राहिले. तिथून हटवल्यावर ते देवळामागे गेले, तर अख्खं देऊळच त्यांच्या बाजूला फिरलं, अशी कथा आहे. भाविक हात जोडतात. पण लेखा विभागाच्या नजरेने बघा. एवढं अवजड दगडी काम फिरवलं, तेही पूर्वेचं पश्चिमेला, आणि ना अंदाजपत्रक, ना निविदा, ना कार्यारंभ आदेश. देयक सादरच केलेलं नाही, म्हणजे संशय अधिकच. आज हे घडलं असतं तर लेखापरीक्षणाचा आक्षेप निघून देऊळ 'पूर्वस्थितीत आणण्याबाबत' देवाला पत्र गेलं असतं.

त्याच औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळा-अंजनवाड्याच्या शिवारात, आता लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार आहे. इंग्रजी एल अक्षरासारख्या दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर लांब, सरळसोट. ज्या भागात चार किलोमीटर बिनखड्ड्याचा रस्ता लागला तर माणूस 'वाट चुकली काय' म्हणून गाडी थांबवतो, तिथे हे व्हायचंय! या भुजांमधल्या निर्वात नळ्यांतून लेझर किरण जाणार. दूर अंतराळात कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की गुरुत्वीय लाट निघते. ती पृथ्वीवरून जाताना भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक पडतो आणि तो हे यंत्र पकडतं. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकणारी फाईलही त्याला टिपता येईल, अशी जिल्ह्याला आशा आहे.

अमेरिकेतल्या लायगोने पहिली लाट पकडल्याचं ११ फेब्रुवारी २०१६ ला जाहीर झालं. आपल्या केंद्रीय मंत्रिमंडळाने सहाच दिवसांत, १७ फेब्रुवारीला, लायगो-इंडियाला तत्त्वतः मान्यता दिली. तत्त्व सहा दिवसांत मान्य झालं, पैसे मान्य व्हायला ६ एप्रिल २०२३ उजाडलं. २,६०० कोटी मंजूर झाले, ११ मे २०२३ ला पंतप्रधानांनी दिल्लीतून पायाभरणी केली आणि मुहूर्त २०३० चा धरला आहे. कोणी म्हणेल, सात वर्षं लागली. पण ती पहिली लाट आपल्यापर्यंत पोचायला १३० कोटी वर्षं लागली होती. त्या मानाने फाईल विमानाने आली म्हणायचं.

खरं सांगायचं तर अमेरिकेतल्या त्या संस्थेकडून आपल्या कार्यपद्धतीला फार मोठा धोका आहे, आणि जिल्ह्याने वेळीच सावध व्हावं म्हणूनच हा लेख.

सुरुवातीला ते अगदी आपल्या वाटेवर होते. १९८४ मध्ये रेनर वाइस, किप थॉर्न आणि रोनाल्ड ड्रेव्हर या तिघांकडे मिळून कारभार सोपवला होता. तिघेही बुद्धिमान, तिघांचं एकमत व्हायचं नाही. आपली समन्वय समितीच म्हणा ना, फक्त चहा-बिस्किटांशिवाय. हे असंच चाललं असतं तर आज ते आढावा बैठकीच्या इतिवृत्तात सुखाने नांदत असते. पण १९८७ मध्ये एकच प्रमुख नेमला, आणि १९९४ मध्ये बॅरी बॅरिश आले. टेक्सासमधला सुपरकोलायडरचा प्रचंड प्रकल्प अमेरिकी संसदेने आदल्या वर्षीच मोडीत काढला होता, तिथे काम केलेली माणसं त्यांनी हाताशी घेतली. आपल्याकडे फसलेल्या प्रकल्पातल्या माणसाला बढती देऊन दूर पाठवतात, यांनी त्याला कामाला लावलं. पुढे खर्च वाढवून मागण्याऐवजी खरा खर्च आधीच मागितला. असं केल्यावर सुप्रमाला जागा उरते कुठे?

त्याहून भयंकर म्हणजे त्यांनी आधीच बजावलं, की पहिल्या टप्प्यात कदाचित काहीच सापडणार नाही. २००२ ते २०१० निरीक्षणं केली आणि खरोखरच काही सापडलं नाही. तसं त्यांनी चारचौघांत लिहून दिलं. आठ वर्षांची आर्थिक प्रगती आणि भौतिक लाट शून्य! आपल्याकडे अशी टिपणी वर गेली असती तर लिहिणारा सोमवारी गडचिरोलीला हजर झाला असता. त्यांनी मात्र ठरल्याप्रमाणे यंत्र सुधारलं आणि पुढे २०१७ मध्ये वाइस, थॉर्न आणि बॅरिश यांना नोबेल मिळालं.

आता शिष्टाचाराचा मुद्दा. लाट आली १४ सप्टेंबर २०१५ रोजी. अधिकृत निरीक्षण सुरू व्हायचं होतं १८ तारखेला. म्हणजे लोकार्पणाला चार दिवस बाकी असताना प्रकल्प परस्पर यशस्वी झाला! फीत नाही, नारळ नाही, कोनशिला नाही. दुधाळ्यात असं झालेलं अजिबात चालणार नाही. लाटेने १३० कोटी वर्षं कळ काढली, तर आणखी चार दिवस थांबून पालकमंत्र्यांची तारीख घेऊनच यावं. लोकार्पणाआधी आलेली लाट ग्राह्य धरू नये, असं परिपत्रक काढून ठेवणं बरं.

आणि यश मिळाल्यावर काय केलं? पाच महिने गप्प बसले. तपासत बसले. आमच्याकडे विंधन विहिरीला ओल लागली की संध्याकाळच्या आत चौकात फ्लेक्स लागतो.

गप्प का बसले, त्याचं कारण तर फारच धक्कादायक आहे. त्या संस्थेत एक छोटी गुप्त तुकडी असायची. यंत्रात मुद्दाम खोटी लाट सोडायची आणि कोणाला सांगायचं नाही, हे तिचं काम. १६ सप्टेंबर २०१० ला अशी एक झकास लाट दिसली. शेकडो शास्त्रज्ञ सहा महिने खपले, शोधनिबंध लिहून तयार केला. मार्च २०११ मध्ये कॅलिफोर्नियात सगळे जमले, बंद पाकीट उघडलं, आणि लाट खोटी निघाली. आपली माणसं फसतात का, आपली तपासणी खरी आहे का, हे बघायला संस्थेने स्वतःच्याच पैशाने केलेला हा उद्योग. त्यामुळे २०१५ ची खरी लाट आली तेव्हाही पहिला प्रश्न हाच होता: ही आपलीच तर नाही?

हे ऐकून एका साहेबांनी मला शांतपणे सांगितलं, "खोटी लाट आम्हीही सोडतो की. दर महिन्याच्या प्रगती अहवालात. फक्त ते पाकीट उघडायचं पद आमच्याकडे मंजूर नाही."

एवढ्यावर भागलं असतं, पण ती माणसं कावळ्यांनाही सोडत नाहीत. २०१७ मध्ये लायगोच्या हॅनफर्डमधल्या यंत्रात बारीक ठकठक ऐकू येऊ लागली. शोधलं तेव्हा कळलं, बाहेरच्या थंड पाइपावर साचणारा बर्फ तहानलेले कावळे टोचतात. नोंद केली, पाइपाचा बंदोबस्त केला. तिकडे कावळ्याची तहान शास्त्रीय नोंदीत गेली. इकडे आपल्या जिल्ह्यात पांग्रा शिंदे परिसरात जमिनीतून वर्षानुवर्षं गूढ आवाज येतात, २१ मार्च २०२४ च्या सकाळी ४.५ तीव्रतेचा धक्काही बसला, तरी लोकांच्या वाट्याला 'नागरिकांनी घाबरून जाऊ नये' एवढंच आलं. जिथे जमीन बोललेली ऐकत नाहीत, तिथे घागर घेऊन उभी असलेली बाई काय ऐकू येणार?

म्हणून मी एक साधा प्रस्ताव तयार केला आहे. कार्यपूर्तता दाखल्यावर सही करणाऱ्याने वर्षभराने, न कळवता, त्या गावात जावं आणि त्याच नळाचं एक पेलाभर पाणी प्यावं. पाणी प्यायला मिळालं तर ठेकेदाराचं शेवटचं देयक काढावं. नाही मिळालं तर फसलेल्या प्रकल्पांची पहिली फाईल उघडावी आणि तिच्यावर न लाजता 'फसलेला प्रकल्प' असंच नाव घालावं.

प्रस्ताव संबंधित कार्यालयात दिला. बाबूंनी तो उलटसुलट केला, शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला आणि "येईल की विचाराधीन" म्हणाले. पुढच्या आढावा बैठकीत त्याची भौतिक प्रगती २५ टक्के दाखवणार आहेत.