दुष्काळातला तेरावा

३१ डिसेंबरला भिंतीवरचं जुनं कालनिर्णय उतरवायचं काम आमच्याकडे माझं. उतरवण्याआधी मी ते एकदा चाळतो, कारण घरचा खरा इतिहास त्याच्या चौकोनांत असतो. दूध घेतलं नाही त्या दिवशी फुली, सिलिंडर लावला त्या दिवशी 'गॅ', आणि आईच्या मोबाइलमध्ये पैसे भरले त्या दिवशी 'रि'. २०२५ चं चाळताना सहज 'रि' मोजले, तर तेरा भरले. चष्मा पुसून पुन्हा मोजले. पानं बारा, रि तेरा. चोर मार्चमध्ये सापडला: एक रि २ तारखेला, दुसरा ३० ला. ३० मार्चला गुढीपाडवा होता. सकाळी गुढी उभारली आणि दुपारी साडेतीन मुहूर्तांपैकी एकावर आपण २९९ रुपये उधळले, हे तेव्हा लक्षातही आलं नव्हतं.

पॅक अठ्ठावीस दिवसांचा. अठ्ठावीस गुणिले तेरा, तीनशे चौसष्ट. वर्षातला एक दिवस कंपनीनं आपल्याला सोडला आहे, तेवढा मोठेपणा तिच्याकडे आहे.

'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण ज्यानं केली, त्याच्यासमोर निदान पंचांग तरी होतं. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याच्या मानानं अकराएक दिवस कमी पडतं, म्हणून साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक महिना घालून हिशेब जुळवतात. मोबाइलचा अधिक महिना दरवर्षी येतो आणि त्याला कारण विचारायची सोय नाही. चंद्रालासुद्धा अमावास्येपासून अमावास्येपर्यंत यायला साडेएकोणतीस दिवस लागतात. कंपनी चंद्रापेक्षा चपळ. अभिजित धरून नक्षत्रं अठ्ठावीस होतात, एवढाच काय तो शास्त्राधार मला सापडला. दूरसंचार नियामक ट्रायनं २०२२ च्या जानेवारीत कंपन्यांना सांगितलं होतं, की निदान एक पॅक तीस दिवसांचा ठेवा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला भरता येईल असा ठेवा. तो असतो. पण दुकानात मागितला, की पोरगा मी चलनातून गेलेली नोट दिल्यासारखा बघतो.

तशी आमची पिढी फोनच्या पैशाला घाबरूनच मोठी झाली. ३१ जुलै १९९५ ला मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी देशातलं पहिलं मोबाइलवरचं बोलणं केलं. तेव्हा केलेल्या फोनला पैसे पडत आणि आलेल्यालाही. म्हणजे दुसऱ्यानं आपल्याला शिव्या घातल्या, तरी पैसे आपले. आमचं वाशीम तेव्हा जिल्हाही झालं नव्हतं. आम्ही अकोला जिल्ह्यातले, आणि आमचा आधार एसटीडीचा बूथ. २००३ मध्ये येणारे फोन फुकट झाले आणि मग मिस कॉलचं व्याकरण तयार झालं. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे तू लाव. तीन वाजल्या तर वडील रिसोडजवळच्या गावाहून विचारीत, "कोण गेलं?"

तर ते तेरा रि घेऊन मी १ जानेवारीला पाटणी चौकातल्या आमच्या नेहमीच्या दुकानात गेलो. आईचा फोन म्हणजे बहिणींशी बोलणं, भाचीशी बोलणं आणि रात्री पुन्हा बहिणींशी बोलणं. तिला रोज दीड जीबी नेट कशाला? हिशेब कागदावर होता: २९९ गुणिले १३, तीन हजार आठशे सत्त्याऐंशी. पोरानं कागद वाचला आणि म्हणाला, "सर, मंग सालदार ठेवा ना. रोजंदार महागच पडते."

मला हे फार आवडलं. आमच्याकडे पाडव्याला सालदार ठरतो, वर्षभराची बोली एकदाच होते. नुसत्या बोलण्याचे, नेट नसलेले पॅक ठेवायला ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना भाग पाडलं आणि पुढच्याच महिन्यात ते बाजारात आले. ३६५ दिवसांचा एक पॅक तेव्हा १८४९ चा होता. अर्ध्याहून कमी! दुकानात बसलेले एक ओळखीचे शेतकरी मधेच म्हणाले, "जुलै चोवीसमधी दोनशे एकोणचाळीसचा पॅक दोनशे नव्व्याण्णव झाला. आमचं सोयाबीन? त्या सालचा हमीभाव चार हजार आठशे ब्याण्णव आन् बाजारात चार हजाराले रडत होतं. हे रिचार्जवाले कोन्त्या आडतीत माल इकतात, तेवढं इचारा सर." ते मला सांगता आलं नाही. मी सालदार ठेवला आणि शीळ घालत घरी आलो.

तीन दिवसांनी संध्याकाळी घरात सुतकी शांतता. बायको स्वयंपाकघरात कणीक तिंबत उभी, समोर फोन टेकवलेला, त्यावर एक बाई हातात झारा घेऊन जागीच थिजलेली. नववीतला मुलगा पलंगावर आढ्याकडे बघत पडलेला. त्याच्याकडे माझा जुना फोन असतो, सिम नसलेला. 'पोराला फोन दिला, पण खर्च शून्य' असं मी कार्यालयात चार जणांना सांगून झालं होतं. शेजारचा बारका दोनदा दारात येऊन गेला आणि काही न बोलता परतला.

उलगडा देवघरासमोर झाला. आई दिवा लावून उठली, कमरेच्या बटव्यातून फोन काढला, सरावलेल्या अंगठ्यानं पडदा खाली ओढला आणि एका चित्रावर बोट टेकवलं. हॉटस्पॉट. रोज दिवेलागणीला, दिव्यापाठोपाठ. पासवर्ड 'विठ्ठल१२३४'. सगळ्या घराला ठाऊक होता. शेजारच्या घरालाही. फक्त कालनिर्णय लिहिणाऱ्याला नव्हता.

"आई, हे कधीपासून?"

"दोन वर्सं झाले असतीन," ती म्हणाली. "तुहा बाबू म्हने, आजी, तुह्यं नेट पडूनच राह्यते आन् रात्री बाराले सडून जाते. म्हनलं घे मंग बापा. उरलेलं फेकून देऊ नाही."

यावर काय बोलणार? शिळ्या भाकरीचा कुटका करणारी आणि साबणाचा तुकडा नव्या वडीला चिकटवणारी ती बाई. तिनं दीड जीबीतला एक थेंब दोन वर्षं वाया जाऊ दिला नव्हता. घरातला काटकसरीचा मुखत्यार मी समजत होतो स्वतःला.

पॅक परत होत नाही. आठ दिवसांत मुलाला सिम घ्यावं लागलं, 'अभ्यासासाठी'. म्हणजे आता आईचे वर्षाचे पैसे, शिवाय मुलाचे तेरा रि. बेरीज मी एकदाच केली आणि तो कागद कालनिर्णयाच्या मागे खोचून ठेवला. मुलानं त्याचा हॉटस्पॉट कुणाला द्यायला साफ नकार दिला. आजीचं औदार्य रक्तातून उतरलेलं नाही. बायको आता रात्री बारा वाजता तिचं नेट नवं झालं, की उद्याच्या भाज्या बघून ठेवते.

आई मात्र रोज दिवेलागणीला बटवा उघडून चित्रावर बोट टेकवते. त्यात आता काही येत नाही, हे तिला सांगायचं कुणी, यावर आमच्यात एकमत झालेलं नाही.

यंदा १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागला. मुलीच्या लग्नानंतरचा पहिलाच धोंड्याचा महिना, म्हणून जावयांना बोलावलं. पुरणाचे धोंडे झाले, ताम्हनात तेहतीस अनारसे मोजून वर निरांजन ठेवून वाण दिलं. जेवणं आटोपल्यावर जावई जरा संकोचत आईला म्हणाले, "आजी, इथं रेंज कमीच येते. वायफाय आहे का?"

आईनं लगबगीनं बटवा सोडला. पडदा ओढला, बोट टेकवलं. "घ्या ना जावईबापू. विठ्ठल, एक दोन तीन चार."

जावयांनी पासवर्ड टाकला. जोडलं गेलंसुद्धा. मग मधोमध तो गोल फिरायला लागला आणि फिरतच राहिला. मुलगा माझ्याकडे बघत होता, मी भिंतीकडे.

"येते ना?" आईनं विचारलं.

जावयांनी एकदा गोलाकडे पाहिलं, एकदा आईकडे. "हो आजी, मस्त येते," म्हणाले, आणि फोन पालथा ठेवून आणखी एक अनारसा उचलला.