भागधारक

नानांच्या पिशवीत तीन वस्तू कायम असतात. चष्म्याचं घर, रबरबँड लावलेली सरकारी अधिसूचनांची चवड आणि एक कांदा. कांदा उन्हाळी, गोल, करकरीत, एका आकाराचा; निर्यातीच्या गोणीतून निवडलेला. कुठल्याही बैठकीला गेले की नाना आधी तो टेबलावर ठेवतात आणि मग स्वतः बसतात. मुंबईच्या एका हॉटेलात असंच कुठल्यातरी व्यापार करारावर चर्चासत्र होतं. वाढप्याला वाटलं, कोशिंबिरीतला राहिला असेल. त्यानं उचलून नेला. नाना भटारखान्यापर्यंत त्याच्या मागे गेले आणि कांदा परत घेऊन आले. "ते माझं निवेदन आहे," एवढंच म्हणाले.

नाना निफाड तालुक्यातले. सात एकर द्राक्ष, पाच एकर कांदा, आणि मधल्या काळात दहा-बारा वर्षं स्वतःच्या नावावर निर्यातीचा परवाना. त्या परवान्यानं पैसा किती दिला ते नाना सांगत नाहीत. भाषा मात्र दिली. ते कांद्याला कांदा म्हणतच नाहीत. जगातल्या प्रत्येक मालाला जकातीच्या पुस्तकात आकडा असतो, तसा कांद्याचा 0703. बटाटा 0701, टोमॅटो 0702, कोबी-फ्लॉवर 0704. जेवायला बसल्यावर नाना काकूंना सांगतात, "आज शून्य-सात-शून्य-तीन जरा कच्चा राहिलाय." काकूंना आता सवय झाली आहे. त्या सांगतात, "शून्य-सात-शून्य-एक अजून शिजायचाय, दम धरा."

त्या चर्चासत्राचं निमंत्रण आलं होतं मराठीत. कोणीतरी इंग्रजीवरून उतरवलेलं. त्यात लिहिलं होतं, ‘सर्व भागधारकांनी उपस्थित राहावे.’ नानांनी ते मला तीनदा वाचून दाखवलं. "भाऊ, भागधारक म्हणतात आपल्याला. मग लाभांश कुठंय? का फक्त तोट्याचे शेअर आपल्या नावावर?" तेव्हापासून गावात त्यांचं नावच पडलं, भागधारक नाना. निवेदनाखाली सही करतानाही ते कंसात तसंच लिहितात.

हा माणूस एकट्या निफाडात नसतो. रत्नागिरीत भेटला तर त्याच्या पिशवीत हापूस निघतो आणि फळमाशी सापडली म्हणून 1 मे 2014 पासून युरोपनं आंबा कसा बंद केला ते तो ताजं असल्यासारखं सांगतो. सांगलीत भेटला तर बेदाणा, लातुरात सोयाबीन. माल बदलतो, तक्रार बदलत नाही. आपल्या मालाचं काय करायचं हे ठरतं दिल्लीत किंवा जीनिव्हात, आणि आपल्याला ते कळतं सकाळच्या पेपरात.

आणि ही तक्रार खोटी नाही. 19 ऑगस्ट 2023, शनिवार. त्या दिवशी कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं. ऑक्टोबरात टनाला 800 डॉलरची किमान निर्यात किंमत आली. 7 डिसेंबरला अधिसूचना निघाली आणि 8 तारखेपासून निर्यातच बंद. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण 550 डॉलरची किमान किंमत आणि 40 टक्के शुल्क लावून. सप्टेंबरात किमान किंमत गेली, शुल्क 20 टक्क्यांवर आलं, ते शेवटी 1 एप्रिल 2025 ला सुटलं. या सगळ्या तारखा नानांना पाठ आहेत. स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र ते काकूंना विचारतात.

"आता बघा भाऊ," असं म्हणून नाना पिशवीतला कांदा हातात घेतात आणि एकेक पापुद्रा दाखवतात. "कांदा एकच. बाहेर पाठवायचा की नाही, ते वाणिज्य मंत्रालय ठरवणार. शुल्क किती, ते अर्थ मंत्रालय. ग्राहकाला महाग पडतोय म्हणून साठा कोण करणार? ग्राहक व्यवहारवाले. आणि पिकवायचा कसा, ते कृषी मंत्रालय सांगणार. ही चारही माणसं एका खोलीत बसलेली मी आजवर पाहिली नाहीत. तिकडं कोलंबो-ढाक्याचा गिऱ्हाईक काय करतो? थांबतो का आपल्यासाठी? पाकिस्तानचा घेतो, इजिप्तचा घेतो. एकदा दुसऱ्या दुकानाची पायरी चढला की तो परत आपल्या ओट्यावर यायला दोन हंगाम जातात." तोवर कांदा सोलून संपलेला असतो. नाना पिशवीत दुसरा ठेवतात.

त्यांचा खरा राग गुप्ततेवर आहे. पूर्वी बाजारात हत्ता पद्धत होती. अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली हातात हात घालायचे, बोटं दाबून भाव ठरवायचे, आणि माल ज्याचा तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाकडे बघायचा. बाजार समित्या आल्या, उघड लिलाव आला, रुमाल गेला. "गावातला रुमाल काढला आणि दिल्लीत नेऊन अंथरला," नाना म्हणतात. युरोपशी आपली बोलणी 2007 साली सुरू झाली, 2013 मध्ये अडली, 2022 मध्ये पुन्हा बसली. त्यानंतर भारताकडून काय काय हवं आहे याचे युरोपनं मांडलेले मसुदे युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येत होते. नानांनी ते नातवाकडून छापून घेतले. आपल्या बाजूनं काय मांडलं, ते कुठंच मिळालं नाही. "लग्न आपल्या घरचं," नाना म्हणाले, "आणि देण्याघेण्याची यादी वाचायला व्याह्यांच्या दारात जायचं. बरं दिसतं का?"

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीवर त्यांचा एक स्वतंत्र सिद्धांत आहे. केंद्राच्या सूचीत 14 वी नोंद परदेशांशी करार करण्याची. राज्यांच्या सूचीतही 14 वी नोंदच, पण शेतीची. "दोन्ही कागद एकावर एक पडले असणार," नाना सांगतात, "आणि वरचाच तेवढा वाचला गेला." करार केंद्रानं करायचा, त्यासाठी संसदेची मंजुरी घेण्याचंही बंधन नाही, आणि त्याचा भार ज्या शेतीवर पडणार ती राज्याकडे. सिद्धांत हास्यास्पद आहे, पण मला त्यात चूक काढता आलेली नाही.

एरवी मात्र नानांचं सगळंच मला पटत नाही. दिल्लीला अजिबात ऐकू येत नाही असं नाही. 4 नोव्हेंबर 2019 ला बँकॉकमध्ये भारत आरसेप या व्यापार कराराच्या बोलणीतून बाहेर पडला, त्यात दूध संघांनी केलेल्या आरडाओरड्याचा मोठा वाटा होता. ऑस्ट्रेलियाच्या करारात पाच डॉलरच्या आतल्या वाइनच्या बाटलीला सवलत दिली नाही, म्हणजे इथल्या स्वस्त वाइनचा विचार कोणीतरी केलाच. दूध संघटित आहे म्हणून त्याचं ऐकलं जातं. कांदा ट्रॅक्टरवर बसून घोषणा देतो आणि लिलाव सुरू झाला की घरी जातो.

म्हणून मी नानांना म्हटलं, तुम्ही आधी तालुक्याचं एक पान तयार करा. आपल्याला करारात नक्की काय हवं, ते एका पानात. नानांना पटलं. त्यांच्याच पडवीत बैठक भरली. कांदेवाले, द्राक्षवाले, एक बेदाणेवाला, एक वाइनवाला, आणि परदेशी सफरचंद आणून विकणारा एक फळव्यापारी, तो कोणी बोलावला होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. द्राक्षवाले म्हणाले, युरोपात आपला माल शून्य शुल्कानं गेला पाहिजे. ठरलं. बेदाणेवाला म्हणाला, बाहेरच्या बेदाण्यावर मात्र शंभर टक्के लावा. तेही ठरलं. फळव्यापारी म्हणाला, सफरचंदावरचं कमी करा. त्याला खाली बसवलं. वाइनवाला म्हणाला, बाटल्या आणि बुचं स्वस्त येऊ द्या, फक्त भरलेली बाटली येऊ देऊ नका. कांदेवाल्यांत पिकवणारे आणि विकणारे असे दोन तट पडले, कारण बंदी येणार ही बातमी आधी कोणाला लागते यावरून त्यांचं जुनं भांडण होतं. साडेतीन तास झाले. पानावर एकच वाक्य उतरलं: ‘आमचं सगळं शून्यानं जावं आणि त्यांचं काही येऊ नये.’ नानांनी खाली सही केली, कंसात भागधारक. त्या दिवशी मला पहिल्यांदा दिल्लीची दया आली.

पण नाना खचणारे नाहीत. जानेवारी 2025 मध्ये विदेश व्यापार धोरणात दोन नवी कलमं आली, 1.07ए आणि 1.07बी. धोरण करताना किंवा बदलताना संबंधितांचं मत मागवावं, आणि मान्य झालं नाही तर त्याची कारणं कळवण्याचीही सोय असावी. नानांनी ती अधिसूचना छापून आणली आणि पडवीत उभं राहून मोठ्यानं वाचली, सत्यनारायणाची पोथी वाचावी तशी. मी कागद हातात घेऊन पुढच्या ओळी वाचल्या. विशेष परिस्थितीत सरकारला स्वतःहून निर्णय घेण्याची मुभा राखून ठेवली होती. नानांनी तेवढ्यात चष्मा काढला होता.

काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. पदराला हात पुसत त्यांनी विचारलं, "म्हणजे ज्याचं नुकसान होणार त्याला आधी विचारायचं. बरोबर?"

"अगदी बरोबर," नाना म्हणाले.

"मग अंगणातला पारिजातक कांदाचाळीसाठी पाडलात तेव्हा कोणाला विचारलं होतं?"

पडवीत शांतता. नानांनी पिशवीतला कांदा काढला, उलटसुलट पाहिला आणि परत ठेवला.

"ती विशेष परिस्थिती होती," ते म्हणाले.

नानांनी त्यानंतर अकरा पानांची सूचना पाठवली. उत्तर यायचं आहे. चाळ जागच्या जागी आहे. तिच्या दारात, ट्रॉली वळते नेमकी त्या जागी, काकूंनी पारिजातकाचं नवं रोप लावलंय, कोणाला न विचारता.