माझं काहीच झालं नाही

सेमिस्टरची परीक्षा जवळ आली की आमच्या भाच्याला फोन करण्यात अर्थ नसतो. ‘कसा आहेस?’ म्हटलं की ठरलेलं उत्तर, ‘मामा, वाट लागलीये. माझं काहीच झालं नाही.’ पुण्यात इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे. एम-थ्री, म्हणजे तिसऱ्या गणिताचं नाव तो घरात सहसा घेतच नाही. रात्री सापाला जनावर म्हणतात, तसं ‘तो विषय’ म्हणतो.

अभ्यासाचा श्रीगणेशा टाइमटेबलाने. कार्डशीट, पट्टी, पाच रंगांची स्केचपेनं. जेवणाला 20 मिनिटं, आंघोळीला 7. पहिल्याच दिवशी आंघोळ लांबते, टाइमटेबल कोलमडतं आणि संध्याकाळपर्यंत दुसरं तयार होतं, आधीच्यापेक्षा सुबक. एवढी कला ग्राफिक्सच्या पेपरात दाखवली असती तर तो बॅकलॉग राहिला नसता.

रात्री 1 वाजता मित्राला फोन. ‘तुझं किती झालं?’ ‘काहीच नाही रे.’ हायसं वाटून दोघं पहाटे नळस्टॉपला पोहे खायला जातात. झोप परीक्षेनंतर. वाचलेलं झोपेत मुरतं, असं मी एकदा सांगून पाहिलं. ‘मुरायला आधी आत काहीतरी असावं लागतं ना, मामा?’

बरं, शास्त्र त्याला माझ्याहून जास्त ठाऊक. 1908 साली येर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी उंदरांना विजेचे झटके देऊन पाहिलं होतं. काम अवघड असेल तर मध्यम झटका बरा. जोराचा बसला की उंदराला शिकायला उलट वेळ लागतो. पुढच्यांनी त्याचा टेकडीसारखा आलेख काढला. थोड्या ताणाने माणूस चढतो, जास्त झाला की पलीकडे घसरतो. ती टेकडी भाच्याने भिंतीवर चिकटवलीय आणि पलीकडच्या उतारावर, पार तळाशी, बाण काढून लिहिलंय, ‘मी’.

पेपरला निघताना आजीचं दही-साखर. प्रश्नपत्रिका हातात पडली की ब्लँक. लाप्लासचं ते गणित आठवतं पार्किंगमध्ये, गाडीला किल्ली लावताना, तेही पायरी-पायरीने. या सगळ्यात आमची ताई काळजीने दोन किलो उतरते आणि तिने रात्री करून दिलेल्या साजूक तुपातल्या शिऱ्यावर हा तेवढाच चढतो.

परवा निकाल लागला. ‘त्या विषयात’ 68. ताई पेढे आणायला निघाली, तोवर याचा फोन. आवाज रडवेला.

‘मामा, उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवतोय. सहा मार्कं तरी कापलीत माझी.’