टँकवाले काका

वागळे इस्टेटमध्ये ‘टँकवाले’ म्हटलं की लोकांना आधी पाण्याचा टँकर आठवतो. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये काकांना भलतेच फोन येतात. “किती लिटरचा?” असं पलीकडून विचारलं की काका खुशीत येऊन सांगतात, “दोनशे. पण खारं आहे.” फोन तिथेच कट होतो.

गोड्या पाण्यात गप्पी मासे पाळणारी माणसं साधी असतात. दोन चिमटी खाऊ टाकला की ती कामाला मोकळी. खाऱ्या पाण्यात उतरलेला माणूस मात्र पुन्हा किनाऱ्याला लागत नाही. लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने काकांच्या समुद्रात ७ किलो मीठ पडतं, तेही खास पुड्यातलं. “एवढी खाडी उशाला आहे, दोन कॅन भरून आणा की,” असं काकू एकदाच म्हणाल्या. त्यानंतर काकांनी त्यांना खाडीतल्या पाण्यात काय काय असतं हे जेवताना सांगितलं. काकूंनी आठवडाभर सुरमई आणली नाही.

खरा संसार झाकणाचा. समुद्रातला मासा उडी मारतो, त्यातही फायरफिश जरा दचकला की थेट सोफ्याखाली. म्हणून काकांनी आधी काच टाकली. तिच्यावर मिठाचा थर चढला, उजेड अडला आणि खाली पाणी तापलं. मग ॲक्रिलिक आणलं. ते खालून ओलं, वरून कोरडं, त्यामुळे चार दिवसांत पापडासारखं वाकलं. शेवटी स्टीलची चौकट आणि नायलॉनची जाळी ठरली. १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीने पहिली औद्योगिक वसाहत इथे उभारली, तेव्हा डोळ्यांपुढे बरंच काही असेल. माशाचं झाकण खात्रीने नसेल. पण रोड नंबर सोळापासून बावीसपर्यंतच्या गाळ्यांत काका ड्रॉइंग घेऊन हिंडले.

“कुठल्या मशीनला बसतं हे?”

“माशाला.”

गाळेवाल्याने वर न बघता वेल्डिंग केलं. “थ्री-नॉट-फोर आहे साहेब, मरेपर्यंत बघायला नको.” पावसाळ्यात चौकटीला गंज आला. आता थ्री-सिक्स्टीनची आहे, आणि काका नातेवाइकांनाही ग्रेडनेच ओळखतात.

जाळीतून पाणी भराभर उडतं. मीठ उडत नाही, म्हणून वरून रोज गोडंच पाणी घालायचं. हे काकांनी लिफ्टमध्ये सगळ्यांना सांगून झालंय. आरओचं पाणी आधी समुद्राला, उरलं तर घराला. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर पहिला पंप, मग पंखा, मग काकू.

पण काकांचं वैभव म्हणजे दिवे. दिवा फटकन विझला की मासे बिथरतात, म्हणून सकाळी टायमरवर हळूहळू उजाडतं आणि सायंकाळी तसंच मावळतं. सात वाजता समुद्रात संधिप्रकाश सुरू झाला की हॉलमधली ट्यूब बंद! मग पाहुणे निळ्या उजेडात बसतात. त्यांचे दात आणि पांढरे शर्ट तेवढे चमकतात, काकू चहा अंदाजाने हातात देतात. पुतण्यासाठी स्थळ घेऊन आलेल्या मंडळींनी मुलाचा रंग दिवसा येऊन बघतो म्हणून सांगितलं.

निळाच का, यावर काकांचं व्याख्यान ठरलेलं आहे. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि घरमालकाला जेवू घालतं. समुद्रात खोलवर पोचतो तो निळाच उजेड, म्हणून तो खास दिवा, त्याला खास पंखा आणि महावितरणचं खास बिल.

परवा तळमजल्यावरची चिमुरडी काचेला नाक लावून सगळं ऐकत होती. तिने विचारलं, “काका, हे प्रवाळ खरं आहे?”

“छे गं! खडक बांधणारं प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. घरात ठेवलं तर मलाच आत टाकतील. हे रेझिनचं. कुर्ल्याच्या बाजारातलं.”

“मग त्याला लाईट कशाला?”

काका तिच्याकडे बघतच राहिले.

“रेझिनचं आहे म्हणून काय त्याला अंधारात ठेवायचं?”