मारू नये, हे शिकवलंच नव्हतं!

अहवाल आला. कैद्यांच्या छावणीत जे काही घडलं, त्याचं कारण एकदाचं सापडलं: जवानांचं प्रशिक्षण कमी पडलं.

बिचाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं हो! हात मागे बांधलेल्या, डोक्यावर पोतं घातलेल्या माणसाला लाथ घालायची नसते, हे अभ्यासक्रमातच नव्हतं. लहानपणी आईनं, शाळेत बाईंनी काही सांगितलं असेल, पण ते पडलं तोंडी. लष्करानं स्वतःच स्वतःची केलेली चौकशी म्हटली की 'प्रशिक्षण कमी पडलं' हे वाक्य आलंच. वाळवंट असो की जंगल.

बाकीचं प्रशिक्षण मात्र चोख. कुठे मारलं तर वळ उठत नाही, हे येत होतं. किती रात्री जागवलं की माणूस बरळायला लागतो, भिंतीकडे तोंड करून किती तास उभा केला की पाय सुजतात, डॉक्टरला कधी हाक मारायची, पाहणीला पाहुणे येणार म्हटल्यावर कुठली कोठडी आधी धुवायची, यात एकाचाही हात चुकला नाही. हे कुणी शिकवलं, असा प्रश्न चौकशी अधिकाऱ्याला पडला नाही. पडून तरी विचारणार कुणाला? उत्तर ज्यांच्याकडे, ते त्याच्याहून दोन हुद्दे वर.

1949 च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात 143 कलमं आहेत. त्यातलं 39 वं सांगतं की, छावणीप्रमुखानं कराराची प्रत जवळ बाळगायची आणि पहाऱ्यावरच्यांना तो माहीत आहे हे बघायचं. म्हणजे 'जवानाला माहीत नव्हतं' हा साहेबांचा कबुलीजबाब झाला. अहवालात तोच साहेबांचा बचाव! 41 वं कलम त्याहून बहारदार: कराराचा मजकूर कैद्यांच्या स्वतःच्या भाषेत, सगळ्यांना वाचता येईल असा छावणीत लावायचा. तेव्हा छावणीत कायदा पाठ असलेला माणूस असलाच, तर तो कैदी. त्यालाच उभं करायचं होतं फळ्यासमोर. म्हणाला असता, 'साहेब, 17 वं कलम काढा. नाव, हुद्दा, जन्मतारीख, सैन्यक्रमांक, एवढंच सांगायला मी बांधील आहे. पुढच्यासाठी माझा छळ करता येत नाही.' यावर एक कानाखाली, आणि वर खुलासा, की तू युद्धकैदी नाहीसच, तुला नुसतं ताब्यात घेतलंय. (हा खुलासा मात्र सगळ्यांना तोंडपाठ!) आणि समजा नसला युद्धकैदी, म्हणून काय झालं? देशांतर्गत लढाईतसुद्धा ताब्यातल्या माणसाचा छळ करता येणार नाही, असं याच कराराचं 3 रं कलम बजावतं. त्याला हुद्दा लागत नाही, बिल्ला लागत नाही. जिवंत माणूस लागतो.

आणि इथला माणूस तर मेला. पहारेकऱ्याच्या हातून कैदी मेल्याचा नुसता संशय असला, तरी ताबडतोब चौकशी करून साक्षी घ्या, विशेषतः कैद्यांच्या, असं 121 वं कलम म्हणतं. साक्षी झाल्या. पहारेकऱ्यांच्या झाल्या, आचाऱ्याची झाली, जनरेटर सांभाळणाऱ्याचीही झाली. शेजारच्या कोठडीत ज्यानं रात्रभर ते ओरडणं ऐकलं, त्याची तेवढी राहिली. का, तर दुभाषा उपलब्ध नव्हता. अहो, मारताना होता ना दुभाषा! प्रश्न त्याच्याच तोंडून विचारत होतात ना?

असो. शिफारस झाली आहे. दर वर्षी अर्ध्या दिवसाचा वर्ग, मध्ये चहा-बिस्किटं, शेवटी 'चूक की बरोबर' छापाचे प्रश्न आणि लगेच प्रमाणपत्र. शिकवायला त्याच छावणीचे प्रमुख येणार आहेत. मधल्या काळात त्यांना बढती मिळाली आहे, आणि विषयाचा अनुभवही दांडगा.