गैरसोय भत्ता, तोही थकबाकीसह

जगातल्या राहण्याजोग्या शहरांची यादी दरवर्षी निघते आणि दरवर्षी पुण्याच्या कट्ट्यांवर सुतक पडतं. व्हिएन्ना, कोपनहेगन, झुरिक ही हुशार मुलं कायम पहिल्या बाकावर. मर्सर कंपनीच्या 2019 च्या यादीत पुणे 143 वं होतं. अर्थात भारतात हैदराबादच्या जोडीनं तेच सर्वांत वर आणि मुंबई 154 वी. यातला 154 हा आकडा पुणेकराला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो.

2018 साली केंद्र सरकारनं 111 भारतीय शहरांची तुलना केली, तेव्हा पुणं पहिलं आलं. त्या खेपेला निकषांवर कुणी पत्र लिहिलं नाही. टॉमटॉमच्या वाहतूक अहवालातही 2024 साली आपण जगात चौथे होतो : 10 किलोमीटरला सरासरी 33 मिनिटं 22 सेकंद. लंडन पाचवं! साक्षात लंडनला मागं टाकल्याबद्दल एकाही इच्छुकानं चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लावू नये, याला काय म्हणावं?

पण या याद्या निघतात कुणासाठी? तुमच्याआमच्यासाठी नव्हे, बदली होऊन येणाऱ्या साहेबासाठी. 'इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट' शहराला शंभरातले गुण देतं. स्थैर्याला 25, संस्कृती-पर्यावरणाला 25, आरोग्याला 20, पायाभूत सुविधांना 20 आणि शिक्षणाला (पोरं साहेबाची असल्यानं) अवघे 10. हवा प्रवाशाला किती जाचते, हाही एक निकष आहे. राहणाऱ्याला जाचते का, हे कोण विचारतो? महागाईची यादी वेगळी. घर चांगलं मिळतं का, एवढंच इथं पाहतात. साहेबाचं भाडं कंपनी भरते.

गंमत अशी की व्हिएन्नाच्या माणसाला व्हिएन्ना आवडण्याचं मोठं कारण नेमकं भाडं हेच आहे. तिथली निम्म्याहून जास्त जनता महापालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहते. 1930 मध्ये खुली झालेली कार्ल-मार्क्स-होफ ही महापालिकेची चाळ किलोमीटरभर लांब आहे आणि आजही नांदती आहे. आपल्याकडे बिल्डरला व्हिएन्ना भावते ती टॉवरच्या नावापुरती.

'इकॉनॉमिस्ट'च्या यादीतला सर्वांत रसाळ भाग मात्र तळाशी आहे. 80 च्या वर गुण असले तर साहेबाला जादा काही देऊ नका, त्याखाली गुण उतरतील तसा पगारावर गैरसोय भत्ता चढवा, आणि 50 किंवा त्याहून कमी असतील तर 20 टक्के द्या, अशी शिफारस असते. म्हणजे शहर जितकं नापास, तितका साहेब पास! तीन वर्षांसाठी आलेल्याला खड्ड्यांचे पैसे मिळणार असतील, तर जन्मापासून त्याच खड्ड्यांत मणके झिजवणाऱ्याला का नकोत? माझी मागणी साधी आहे. प्रत्येक रहिवाशाला गैरसोय भत्ता, तोही थकबाकीसह. टँकरची बिलं आणि मणक्याचा एक्स-रे सोबत जोडतो, हवं तर तीन प्रतींत.

या अर्जावरचा शेरा मला आत्ताच दिसतो आहे : "अर्जदार सदर शहरात अनेक वर्षे वास्तव्यास असून जिवंत आहे. सबब गैरसोय सिद्ध होत नाही. अर्ज निकाली."